बाल्टीतला मसालेभात

आई,

तुझं श्राद्ध होऊन तीन आठवडे झाले आणि घरचं कोणी अजून माझ्याशी धड बोलत नाही. वहिनी बोलते. बाबा फोनवर "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून दादाकडे फोन देतात आणि दादा म्हणतो मीटिंगमध्ये आहे. आत्याने तर माझा नंबरच ब्लॉक केला म्हणे. कारण असं की तुझ्या नावाची खीर मी कचऱ्यात ओतली. आख्खं पातेलं, सगळ्यांसमोर, भर दुपारी. तिकडे बातम्या पोचत असतील तर आत्याच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. आणि आधीच सांगतो, माफी मागायला लिहीत नाहीये. परत तशीच वेळ आली तर परत ओतीन.

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. नववीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरलं ते सह्या करायलाच. आज रविवार आहे, माझी सुट्टी. मी चेन्नईच्या बाहेर एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आहे, आता दोन वर्षं होतील. हसू नको. तुझा हा पोरगा, ज्याला इंदूरला स्नेहलतागंजात एका खुर्चीवर पाच मिनिटं बसवत नव्हतं, तो दोन वर्षं एका जागी आहे. त्याआधी पिथमपूर केलं, सुरत केलं, मधे एका ट्रकवर होतो. इथे उत्तरेकडची पोरं खूप, त्यांना दोन्ही वेळ भात चालत नाही, म्हणून चपातीवाला पाहिजे होता. मला पोळी येते हे तुझ्यामुळे. फक्त तू घडी घालून लाटायचीस, आणि इथे तेवढा टेम नाही.

पहिल्या महिन्यात काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. उष्टी ताटं जिथे परत येतात त्या खिडकीवर एक बाई असते, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. वयाने तुझ्याएवढी. एक दिवस तिने मला हाक मारून बोलावलं आणि एक ताट पुढे केलं. त्यात माझ्या दोन चपात्या, घास न मोडलेल्या, वर सांबार सांडलेलं. तिच्या तुटक्या हिंदीत म्हणाली, "तुम्हारा चपाती वापस आया. गुस्सा नहीं आता?" मी म्हटलं, अक्का, मेरी थोड़ी है, कंपनी की है. तर म्हणाली, "हाथ किसका?" दुसऱ्या दिवसापासून माझं लक्ष भट्टीवर कमी आणि त्या खिडकीवर जास्त. माणसं का टाकतात हे मला बघायचं होतं. वाईट असतात म्हणून टाकत नाहीत, आई. रांग एवढी लांब असते की परत उठून यायला नको म्हणून आधीच चार घेतात. वाढणाऱ्याचा डाव मोठा, त्याला रांग पळवायची असते, तो विचारतच नाही. आणि आम्ही आत किती करतो? किती माणसं जेवणार हे कोणी सांगितलेलंच नसतं, मग मुख्य आचारी भीतीने करतो. कमी पडलं तर त्याला शिव्या, उरलं तर कोणालाच काही नाही. भीतीने शिजवलेलं सगळं त्या खिडकीतून परत यायचं आणि पिंपात जायचं.

मग आमचा मॅनेजर बदलला. नवा आला तो बारका, चष्मेवाला, आवाज न चढवणारा. त्याने फार काही केलं नाही. डाव लहान केले. परत घ्यायला येणाऱ्यांसाठी वेगळी छोटी खिडकी काढली. मला सांगितलं की सगळ्या चपात्या आधी लाटून ठेवायच्या नाहीत, शेवटची परात भोंगा झाल्यावर, रांग बघून. पीठ उरलं तर उरू दे, पीठ संध्याकाळी कामाला येतं. आणि कारखान्यातल्या प्रत्येक लाइनीने सकाळी दहाच्या आत सांगायचं की आज जेवायला किती. बस. एवढंच. पिंपं कमी झाली ती माझ्या डोळ्यासमोर. तेव्हा मला पहिल्यांदा तुझी आठवण अशी आली की भट्टीसमोर उभं राहवेना.

कारण आपल्या घरात दहाच्या आत कोणी काही सांगितलंच नाही कधी.

स्टेशनजवळ घर म्हणजे काय ते तुलाच माहीत. महू, देवास, उज्जैन, खंडवा, कुठलाही नातेवाईक गाडी बदलायचा तो आपल्याकडे. "गाडीला दोन तास आहेत, म्हटलं वहिनींना भेटून जावं." बाबा पार्सल ऑफिसात, त्यांच्याबरोबरचे दोघे-चौघे असेच यायचे. म्हणून तू रोज चार माणसांचं जास्त करायचीस. लग्न होऊन आल्यापासून. सासूने शिकवलं असेल. लोक तुझं कौतुक करायचे, की काकूंकडे कधीही जा, ताट तयार. मग मोबाईल आले, रिझर्व्हेशन फोनवर व्हायला लागलं, लोक गाडीतच काही मागवून खायला लागले. यायचं बंद झालं सगळ्यांचं. तुझं चार माणसांचं करणं बंद झालं नाही. मी एकदा म्हटलंही होतं, "अगं, कोण येणार आहे? कोणासाठी?" तर तू कणकेचा हात पदराला पुसत म्हणालीस, "आलं एखादं तर? त्याच्यासमोर का भांडी वाजवू?" रोज त्या न येणाऱ्या पाहुण्याचा भात उरायचा. आणि त्यात माझा. मी "येतो जेवायला" म्हणून निघायचो आणि दुपारी कुठे पोहे, कुठे कचोरी, कुठे कोणाच्या दुकानावर साबुदाण्याची खिचडी. घरी आल्यावर "भूक नाही". तू म्हणायचीस, "बरं, झाकून ठेवते." तो शब्द मला आजपण ऐकू येतो. झाकून ठेवते.

पूर्वी उरलेलं जायचं कोपऱ्यावरच्या कचरापेटीजवळ, गाय खायची, कुत्री खायची, कोणी विचारत नव्हतं. मग शहर साफ झालं. तुला आठवतं किती भांडणं झाली गलीत? गीला वेगळा, सूखा वेगळा, हिरवी बाल्टी, निळी बाल्टी. सकाळी गाणं वाजवत गाडी यायची आणि सगळ्या बायका बाल्ट्या घेऊन दारात. बाहेरचे लोक आपल्या शहराचं नाव घेतात तेव्हा माझी मान अजून ताठ होते, खोटं नाही सांगत. पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. पेटीत काय पडतं ते कोणाला दिसत नव्हतं, बाल्टीत सगळ्या गलीला दिसायचं.

त्या सोमवारी तुझ्या बाल्टीत मसालेभात होता. आदल्या दिवशी रविवार, मे महिना. माझे चार मित्र जेवायला येणार होते म्हणून तू सकाळपासून मसालेभात, शिरा, मठ्ठा, कोशिंबीर, सगळं केलं होतंस. ते आले नाहीत. मी पण संध्याकाळीच आलो, आणि तुला सांगितलं की ऐनवेळी नाही म्हणाले. फ्रिज तेव्हा बिघडला होता. रात्रीतून भात आंबला. सकाळी तू तो बाल्टीत घातलास, वर भेंडीची देठं आणि कांद्याची सालं पसरलीस, आणि पदर सारखा करून गाडीची वाट बघत उभी राहिलीस. मी आत दारामागे ब्रश करत होतो. गाडीवरच्या पोऱ्याने बाल्टी उलटी केली तशी सालं आधी पडली आणि मग भाताचा तो पिवळा ढीग, काजू दिसत होते त्यात. तो हसून मोठ्याने म्हणाला, "अरे अम्मा, ये तो पूरी की पूरी पार्टी फेंक दी!" त्याच्या मनात काही नव्हतं. पण गली हसली. समोरच्या भाभीजी आपली बाल्टी पुढे करत म्हणाल्या, "हमारे यहाँ तो भैया, एक रोटी नहीं फिंकती." तू पण हसलीस. हसत आत आलीस, बाल्टी धुतलीस, दोनदा धुतलीस. मला म्हणालीस, "ब्रश किती वेळ करतोस रे?"

त्यानंतर तुझ्या बाल्टीत अन्न कधी दिसलं नाही. ते कुठे जात होतं हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. आमची ताटं झाली की तू ओट्याशी उभी राहून खायचीस. कालचा भात, परवाची उसळ, माझ्या झाकून ठेवलेल्या चार पोळ्या, दादाने अर्धा टाकलेला शिरा. ताटसुद्धा घ्यायची नाहीस, पातेल्यातच. ताजं सगळं आम्हाला. शुगर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले भात कमी, गोड बंद. तू मान हलवून आलीस आणि त्याच दिवशी दादाच्या वाढदिवसाची उरलेली बासुंदी संपवलीस. मी बघितलं. तू म्हणालीस, "एवढीशीच तर आहे, वाया जाईल." शिळ्या भातानेच तू गेलीस असं मी म्हणत नाही. तसं डॉक्टरनेही सांगितलं नव्हतं. आधी पायाची जखम, मग किडनी, मग ते सगळं. पण तुझ्या पोटाची आम्ही हिरवी बाल्टी केली होती, हे तर खरं आहे ना? फक्त ती बाल्टी गलीला दिसत नव्हती.

आणि तेराव्याला लोक काय म्हणाले ते ऐक. "अन्नाचा कण वाया जाऊ दिला नाही हो बाईने." प्रत्येक जण. आत्या तर रडत रडत सांगत होती. मला तेव्हा उठून ओरडायचं होतं, पण मी बाहेर जाऊन उभा राहिलो. सात वर्षं झाली त्याला. मी इंदूरात टिकलो नाही त्याचं कारण लोक वेगळं सांगतात, की पोराचा पाय ठरत नाही. त्यांना सांगू दे.

या वेळी मी अविधवा नवमीला मुद्दाम रजा काढून आलो. तुझी तिथी सात वर्षांत एकदाही गाठली नव्हती. दादाने आता विजय नगरला मल्टीत फ्लॅट घेतलाय, चौथ्या मजल्यावर, बाबा तिथेच. वहिनीला सातवा महिना आहे. आणि तिला शुगर निघालीय, या दिवसांत निघते तशी. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलंय, काय खायचं, किती खायचं, किती वाजता. तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे. मी आलो त्या संध्याकाळी बघितलं, दादाने "घरी जेवतो" सांगितलं होतं, नऊ वाजता ऑफिसातून फोन, "अरे यार, इधर सबने पिज्जा मँगा लिया." वहिनी म्हणाली, "बरं, झाकून ठेवते."

आई, माझ्या हातातला ग्लास खाली ठेवावा लागला मला.

श्राद्धाला आत्या धारहून आली, आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. वीस माणसांचा स्वयंपाक. मी विचारलं, वीस कोण? तर तिने बोटं मोजली. मी म्हटलं, आत्या, येणार का सगळे, विचारलं का? "विचारायचं काय त्यात? सगळे हो म्हणालेत." मी स्वतः तीन-चार जणांना फोन लावला. आपल्या इंदूरची रीत तुला माहीत आहे. जेवायला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, समोरच्याचा अपमान होतो. "हओ हओ, आएंगे, क्यों नहीं आएंगे भिया!" आपले मराठी लोकपण तेच करायला लागलेत. मनात त्यांचं ठरलेलं असतं की नाही जायचं. मी आत्याला म्हटलं, बाराचं कर, कणीक आणि वड्याचं पीठ जास्त भिजवून ठेव, माणूस आलं तर गरम तळू, नाही आलं तर संध्याकाळी धिरडी होतील. खीर तरी कमी कर. आत्या झारा घेऊन माझ्याकडे वळली. "माझ्या वहिनीच्या नावाचं मोजून करू? मेल्या, तिने कधी मोजलं होतं का तुला वाढताना?"

"नाही मोजलं," मी म्हटलं, "म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

मी ताटं पुसायला घेतली. तेवढं अजून धैर्य नव्हतं झालं.

अकरा माणसं आली. सवाष्ण जेवली, ब्राह्मण जेवला, बाकीचे जेवले. ज्यांनी "हओ हओ" केलं होतं त्यांचे दुपारी दोनला मेसेज आले, हात जोडल्याची चित्रं. वडे उरले, कढी उरली, गवार उरली, भोपळा उरला, भाताचं पातेलं अर्ध्याच्या वर, खीर जशीच्या तशी म्हणायला हरकत नाही. मी म्हटलं खालच्या चौकीदाराला, झाडूवाल्या बाईला देऊ. भाजी-वडे त्यांना दिलेपण. खिरीला ते नाही म्हणाले, त्यांच्याकडे आधीच दोन मल्ट्यांमधून खीर आली होती. पितृपक्षात सगळ्यांची खीर एकाच दिवशी उरते. फ्रिजमध्ये आत्याच्या पुरणाचे डबे, जागा नाही.

मी हात धुवायला आत गेलो तर वहिनी ओट्याशी उभी. पाठ माझ्याकडे. एक हात कमरेवर, पोट पुढे, आणि दुसऱ्या हाताने पातेल्यातली खीर मोठ्या चमच्याने खातेय. भराभर. चव घेत खातात तसं नाही, काम उरकतात तसं. फ्रिजवरचा कागद तिच्या खांद्याच्या मागे. मी म्हटलं, "वहिनी, हे काय?" ती दचकली. "काही नाही भाऊजी, थोडीच आहे. आत्याबाई म्हणाल्या की श्राद्धाचं टाकायचं नसतं. मग कोण खाणार?"

दोन वर्षं मी रोज अक्काच्या खिडकीसमोर उभा असतो. मला उत्तर पाठ होतं. मी पातेलं उचललं. गरम नव्हतं, जड होतं. बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते त्यांच्यासमोरून बाल्कनीपर्यंत गेलो, हिरव्या बाल्टीचं झाकण पायाने उघडलं आणि ओतलं. खिरीला ओतायला वेळ लागतो. सगळ्यांनी बघितलं.

आत्या किंचाळली. "अरे, आईच्या तोंडचा घास! श्राद्धाचं अन्न! मेल्या, कुठे फेडशील?"

"आईच्या तोंडचा घास वहिनीच्या तोंडात कोंबून राहिलात ना तुम्ही," मी म्हटलं. "तिला शुगर आहे. आईला पण होती."

दादा उठला. "भिया, ड्रामा मत कर. दोन वर्षांनी आलास आणि—"

"तू काल पिज्जा खाल्लास ना? तुझं ताट कोणी खाल्लं, विचार तिला. आज सकाळी उभ्याउभ्या कोणी खाल्लं?"

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनीने जमिनीकडे.

"फेकणं पाप आहे," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता.

"आहे. हओ, आहे. पण पाप सकाळीच झालं आत्या, चुलीवर. वीस माणसांचं मांडलं तेव्हा. बाल्टीत ते फक्त दिसलं. तुम्हाला दिसायला नको असतं, म्हणून एक बाई लागते."

खालून कोणाच्या स्कूटरचा हॉर्न येत होता. मग बाबा बोलले. बाबा, जे चार महिन्यांत चार वाक्यं बोलतात. भिंतीकडे बघत म्हणाले, "ती उभ्यानेच खायची. मला वाटायचं तिला उभ्याने आवडतं."

आणि उठून आपल्या खोलीत गेले.

मी तुला खोटं सांगत नाही, ओतताना मला बरं वाटलं नाही. दूध होतं ते, तांदूळ होते, वहिनीने सकाळी सहाला उठून आटवली होती. त्याचीच तर मला चीड आहे. मला कोणी विचारलं की अन्न कसं वाचवायचं, तर मी सांगेन की उरल्यावर वाचवायला जाऊ नका. आधी वाचवा. येणार की नाही ते खरं सांगा. नाही म्हणायला शिका. कच्चं ठेवा, शिजवून ठेवू नका. आणि तरी उरलंच तर ते सगळ्यांच्या ताटात आधी वाढा, मालकापासून सुरू करून, ताजं त्याच्यानंतर. एकटीने ते गिळायचं आणि बाकीच्यांनी तिला अन्नपूर्णा म्हणायचं, हे मला मंजूर नाही. तुझ्या वेळी नव्हतं बोलता आलं. आता बोललो, उशीर झाला तर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मल्टीत चौकीदार बाल्ट्या खाली नेतो, पण ती बाल्टी मी स्वतः नेली. सालं पसरली नाहीत वर. गाडीवरच्या माणसाने झाकण उघडलं, माझ्याकडे बघितलं. "क्या भिया, खीर? शादी थी?"

"नहीं. श्राद्ध."

"किसका?"

"माँ का."

त्याने बाल्टी उलटी केली, दोनदा ठोकली, परत दिली. मल्टीतल्या दोन बायका बघत होत्या. मी बाल्टी रिकामी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो, उन्हात, सगळ्यांना दिसेल असा.

त्याच दिवशी मी दादाच्या ऑफिसचा पांढरा बोर्ड फ्रिजच्या बाजूला टांगला. तीन नावं, दोन रकाने, सकाळ आणि संध्याकाळ. दहाच्या आत लिहायचं, जेवणार की नाही. लिहून आला नाही तर उरलेलं त्याच्या ताटात पहिलं. दादा म्हणाला, "घर को कैंटीन बना दिया इसने." म्हटलं, "कँटीन घरापेक्षा बरी आहे, तिथे खिडकीतून ताट परत आलं तर कोणीतरी विचारतं." आत्या त्या दुपारच्याच बसने गेली. जाताना मला म्हणाली, "तुझी आई असती तर तुला बघून रडली असती." रडली असतीस का गं? मला नाही वाटत. तू हसली असतीस, दोनदा बाल्टी धुतली असतीस.

वहिनी रोज बोर्डचा फोटो पाठवते. इतके दिवस दादाच्या नावापुढे तिचंच अक्षर होतं. परवा पहिल्यांदा त्याचं दिसलं. "संध्याकाळ: नाही." एवढंच, पण त्याने स्वतः लिहिलेलं. बाबांच्या नावापुढे रोज "हो" असतं, थरथरत्या अक्षरात, आणि एकदा त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, "बसून." वहिनीला कळलं नाही ते काय. तिने मला विचारलं. मी सांगितलं, तुम्हाला म्हणतायत, बसून जेवा. तेव्हापासून ते तिच्याबरोबर जेवायला थांबतात म्हणे. शुगर वाढलेली नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कमी झाली असं नाही म्हणाल्या.

हे पत्र कुठे टाकू? तुझा पत्ता नाही आणि असता तरी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिलीय आणि ती तू वाचावीस असं मला वाटत नाही. सगळ्यांना जाब विचारून आलो मी. आत्याला, दादाला, त्या "हओ हओ" करणाऱ्यांना. पण त्या मसालेभाताचा जाब मीच द्यायचाय. तू शनिवारी पाठीमागे लागली होतीस, कोणाबरोबर फिरतोस ते मला एकदा बघू दे, घरी आण त्यांना जेवायला. मला बाहेर पडायची घाई होती, चप्पल पायात होती. तुझं बोलणं संपावं म्हणून मी म्हटलं, हो हो, आणतो, उद्याच आणतो, चौघं येतील. आणि खाली उतरेपर्यंत विसरलो. रविवारी आम्ही बेटम्याच्या बाजूला एका ढाब्यावर दाल-बाफले खात होतो तेव्हा तुझे तीन फोन आले. मी बघितले, आणि फोन उलटा ठेवला. ते ऐनवेळी नाही म्हणाले नव्हते, आई. मी त्यांना बोलावलंच नव्हतं.

आज दुपारी मी जेवणार नाहीये. खरंच भूक नाही. सकाळी आठ वाजताच कँटीनमध्ये सांगून आलो.